ट्रंक मावेल एवढं खाचर

३ मार्च १९४६, रविवार

गाडी घ्यायची! ठरलं. कसली घ्यायची ते नाही ठरलं.

परवा नाल्यापलीकडच्या वस्तीवरून यांना बोलावणं आलं. शेणखताची बंडी घेऊन आले होते, तशीच, न झाडता. हे औषधाची पेटी मांडीवर घेऊन बसले. बैल दमलेले, चाकं किरकिरणारी, पोचेपर्यंत सकाळची दुपार झाली. सहा-सात वर्षांची पोर, घटसर्प. हे पोचले तेव्हा आई तिच्या तोंडावरून पदर ओढत होती.

घरी आले, पेटी कोनाड्यात ठेवली. जेवले नाहीत. “थोडं आधी पोचलो असतो तर...” एवढंच. मी नुसतं ताट झाकून ठेवलं. एरवी माझं तोंड कुणाला बंद करता येत नाही.

आज सकाळी चहा घेताना म्हणाले, “आपली स्वतःची गाडी पाहिजे.” डॉक्टर माणूस, नागपूरला शिकलेला, आणि दवाखाना कुठे घातला तर आजोळी, बोरटेकला! इथून जानेफळ तीन कोस. मोटार मिळते ती जानेफळला. मधे नुसती काळी जमीन आणि दोन नाले. मी पुण्याची. लग्न केलं तेव्हा बोरटेक नकाशातसुद्धा सापडलं नव्हतं.

पण शब्द घेतलाय मी. येत्या दिवाळीपर्यंत बोरटेक. मन नाही रमलं तर पुणं. यांनी माझ्या हातावर हात ठेवून कबूल केलंय.

८ मार्च

बातमी फुटली. आता गावात ज्याला त्याला सल्ला द्यायचाय.

मामा म्हणजे यांचे मामा, भगवानराव. घर त्यांचंच. ते म्हणतात, घोडं घ्या, डॉक्टर घोड्यावर शोभतो. मामी म्हणते दमणी घ्या, छताची, पडद्याची. “लग्नातल्यासारकी! सूनबाईले बी मिरवता येईन.” बाभळीच्या फांद्यांत ते छत अडकून बसलं की उतरून मिरवायचं का? पंजाबराव मामांचे गाडीवान, पांढऱ्या मिशांचे, भले माणूस. ते म्हणाले, “घरची बंडी हाय ना. हळू जाते, पण जाते.” हळू जाते हेच तर दुखणं!

बंडीवरून मामी मला अजून छळते. पहिल्यांदा मी येणार होते तेव्हा मामांचा निरोप आला होता, जानेफळले बंडी पाठोली हाय, आत गोधडी टाकली हाय, सूनबाईले थंडी नाई वाजणार. मी यांना विचारलं, बंडीच्या आत गोधडी घालून वर सदरा कसा चढवतात हो? पुण्यात बंडी आपण अंगात घालतो. इथे आपणच बंडीत बसतो!

१२ मार्च

घोडं आणलं. हे पडले. घोडं परत.

२० मार्च

यांचं नवं खूळ. “वहाबमिस्त्रीकडून एक खाचर करून घेऊ.”

मी म्हटलं, “इथे भात कुठे पिकतो?”

हसून हसून यांच्या डोळ्यांत पाणी! माझं आजोळ मावळातलं. आमच्याकडे खाचर म्हणजे भाताचं शेत, पाणी साठवलेलं. इथे खाचर म्हणजे लहान, हलकी बैलगाडी. दोन बारीक चाकं, पुढे गाडीवान, मागे एखादं माणूस. चिखलातून सुटते, बैल पळवतात. या घरात आल्यापासून मला मराठी पुन्हा शिकावी लागतेय.

पण हसणं वेगळं. मला खाचर नको. मला मोटार हवी. का ते इथे लिहायला काय हरकत आहे, दुसरं कोण वाचणार? मोटार असली की वाटलं तर उद्या खामगाव, परवा पुणं. आणि बैल घेतले की दावण आली, चारा आला, गोठा शाकारणं आलं. बैल घेणारा माणूस दिवाळीला गाव सोडत नाही. हे कळायला काही नागपूरला जाऊन शिकावं लागत नाही!

रमाकांतला लिहिलं. माझा धाकटा भाऊ. लढाई संपल्यापासून लष्कराच्या जुन्या गाड्यांच्या लिलावांतून हिंडत असतो.

१९ मे

रमाकांत आला!! जीप घेऊन! हिरवी, बिनदाराची, बेडकासारखी. अंगावर तीन जिल्ह्यांची धूळ. अख्खं गाव अंगणात. मामीने जीपला कुंकू लावलं आणि “इचे डोये कोठी हायत?” म्हणून दिव्यांनाही लावलं.

२१ मे

मेहकरला जाऊन आलो. दुपारच्या जेवणाला घरी! मी पुढे बसले होते, पदर वाऱ्यावर. धुरा, बांध, खडक, काही बघत नाही ती जीप. इतकी मोठ्याने मी लग्नानंतर हसले नव्हते. हे मागे पेटी धरून बसले होते, तेही हसत होते. पण पेट्रोल कुपनांवर, महिन्याला मोजकंच, हे मेहकरला कळल्यापासून बोटांवर हिशेब करताहेत.

रमाकांत हळूच म्हणाला, “ताई, ही घे. मग तू इथे अडकून पडणार नाहीस.”

त्याला न सांगता कळलं.

२ जून

हाय रे दैवा.

काल वळवाचा पाऊस झाला. आज पहाटे बोलावणं आलं, हे आणि रमाकांत जीप घेऊन निघाले. पहिल्या नाल्यापलीकडे काळ्या मातीत जीप रुतली. चाकं गरगर फिरतात आणि जीप खालीच चाललीय. चिखल म्हणजे नुसता डिंक. रमाकांतचा एक बूट तिथेच राहिला. शेवटी पंजाबराव बैल घेऊन गेले, दोर बांधून ओढून आणली. हे तोवर चालत गेले होते रोग्याकडे, गुडघ्याएवढ्या चिखलातून. रोगी ठीक आहे.

वहाबमिस्त्री वाटेवर उभे होते म्हणे. म्हणाले, “मोटार बेस हाय, डाक्तरसाहेब. फक्त इले बैल लागतात.”

सगळं गाव हसलं. मला रडू आलं. आत जाऊन रडले.

३ जून

भांडलो. म्हणजे मी भांडले, हे ऐकत होते. ते जास्तच वाईट.

“आठ महिने जीपच चांगली,” म्हणाले, “रमाकांतचं काही चुकलं नाही. पण चार महिने चिखल, आणि चिखलातच माणसं जास्त आजारी पडतात. मला त्या चार महिन्यांची गाडी पाहिजे.” मग थांबून, “तुला कशाची पाहिजे, सुलभा?”

मी ताटं उचलून आत गेले. यांना उत्तर ठाऊक होतं.

रमाकांत जीप घेऊन परत गेला. धूळ उडाली नाही, चिखल उडाला.

१५ जून

वहाबमिस्त्रींच्या अंगणात गेलो होतो. बाभळीचे तुकडे, तासलेले आरे, भुसा. त्यांची आई इमामबी, भिंतीला टेकून सगळ्यांना सूचना देत असते. मिस्त्री बोलघेवडे. चाक किती उंच, बसायचा साटा किती रुंद, दांडी कुठल्या लाकडाची, आणि मधेच कुणाच्या लग्नाची गोष्ट.

“बसणारं कोण कोण?” त्यांनी विचारलं.

हे म्हणाले, “मी आणि माझी पेटी.”

मी म्हटलं, “आणि माझी ट्रंक.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघू देत. “माझी ट्रंक आडवी मावली पाहिजे. मोठी आहे. लग्नातली.”

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. “बाईसाहेब, इतकं लांब केलं त ते खाचर नाई राहात. खाट होते.”

मी हट्टाला पेटलेली. दिवाळीला त्या ट्रंकेसकट मला जानेफळला पोचायचं होतं आणि ते सगळ्यांसमोर सांगायचं नव्हतं. यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग मिस्त्रींना म्हणाले, “बाई म्हणतात तेवढं करा.”

तेवढ्यावर मला इतकं वाईट वाटलं! रागावले असते तर बरं झालं असतं.

६ जुलै

खाचर आलं. बैलही आले, मामांनी मोताळ्याच्या बाजारातून आणवले. पांढरे, शिंगं मागे वळलेली, पायांना चपळ.

मी ऐटीत मागच्या टोकाला जाऊन बसले आणि काय! पुढची दांडी वर, मी खाली, पाय आकाशात! बैल अजून जुंपले नव्हते ना. पंजाबराव धावले. “उलाळ झालं, उलाळ!” मागे ओझं जास्त झालं की गाडी अशी उलटते, त्याला उलाळ म्हणतात. मिस्त्रींबरोबर आलेली इमामबी ओट्यावरून ओरडली, “बहू, पुढं सरक! गाडीत बी आन् घरात बी!”

म्हातारीची जीभ!

२९ जुलै

हे रोज कुठे ना कुठे. पाऊस असो नसो, खाचर सुटतं. परवा एका बाळंतिणीपाशी वेळेवर पोचले. आल्यावर दोनदा भात मागून घेतला. मी लांबीबद्दल कुरकुर ऐकायच्या तयारीत होते, पण हे म्हणतात लांबीचा उपयोग होतो, येताना त्यांना आणि पंजाबरावांना आळीपाळीने झोपता येतं!

एकदा मीही गेले यांच्याबरोबर. पट्टी धरली, पाणी उकळलं. एका बाईने जाताना माझ्या ओटीत मूठभर मूग घातले. का, कोण जाणे.

२२ ऑगस्ट

वर्तमानपत्र आलं, जुनं. कलकत्त्याच्या दंगलीच्या बातम्या. वाचवत नाहीत. मामांनी घडी करून ठेवून दिलं. वहाबमिस्त्री आले होते चाकाला वंगण द्यायला, त्यांनीही ऐकलं असणार. रोजा चालू आहे त्यांचा, पाणीही घेतलं नाही. जरा जास्तच वेळ चाकाशी बसले.

२५ ऑगस्ट, रविवार

उद्या पोळा. आज खांदशेकणी. माझा पहिलाच पोळा इथला.

पंजाबरावांनी हळद आणि लोणी कोमट करून पळसाच्या पानाने बैलांचे खांदे शेकले. जू बसून बसून जिथे घट्टे पडतात तिथे, हळूहळू. मग बैलाच्या कानाशी जाऊन म्हणाले, “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.” पाहुण्याला सांगावं तसं! वर्षभर राबवून घेतल्यावर एक दिवस आवतण. उद्या काही झालं तरी जू नाही. मला फार आवडलं. यांनाही बोलावलं बघायला, पण पोट दुखतंय म्हणून पडून होते. भजी जास्त झाली असतील.

२८ ऑगस्ट, खामगाव

लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

भजी नव्हती. पोळ्याच्या सकाळी हे पोटाशी पाय घेऊन पडले होते. स्वतःच बोटाने दाबून पाहिलं, उजवीकडे, खाली. “सुलभा, अपेंडिक्स आहे. फुटायच्या आत खामगावला पोचलं पाहिजे.” दुसऱ्या कुणाचा आजार सांगावा तसं म्हणाले! कपाळावर घाम.

मी धावत अंगणात. बैल रंगवलेले, शिंगांना बेगड, अंगावर झूल. मी ओरडले, गाडी जुंपा!

मामा म्हणाले, “पंजाबराव, जुंप. जिवापुढं सन नाई.”

पंजाबरावांनी जू उचललं. बैलापाशी गेले आणि थांबले. हात वर जाईना. “मालक, काल मीनं माह्या हातानं आवतण देलं त्याईले. आज त्याच खांद्यावर कसं ठिऊ?” आणि रडायला लागले. म्हातारा माणूस, जू छातीशी धरून रडतोय.

मला काही सुचेना. मी काय काय बोलले! माझा माणूस मरतोय आणि तुम्हाला बैलाची पडलीय. अडाणी म्हटलं. जनावरं म्हटलं. बैलाचा कासरा ओढायला गेले, झूल फाटली. मामी मला धरत होती, मी तिला ढकललं. अंगणात माणसं जमलेली, कुणी वर बघेना. अजून मला कळत नाही त्यांचं चुकलं होतं की नाही. माझं बोलणं मात्र चुकलं.

तेवढ्यात गर्दीतून वहाबमिस्त्री पुढे आले. खाचराची दांडी उचलून पाहिली, खाली ठेवली. मग म्हणाले, “काऊन भांडून राह्यले बे? खाचर हलकं हाय. मीच केलं ना ते. बैलाले सुट्टी हाय, आपल्याले थोडीच हाय?”

आणि पंजाबरावांच्या हातातलं जू काढून घेऊन स्वतःच्या खांद्यावर ठेवलं.

मग पंजाबरावांनी डोळे पुसले आणि दुसऱ्या बाजूला खांदा दिला. मागून लोटायला माणसं धावली, चाकांना हात लावायला धावली. यांना उचलून आणलं, आडवं निजवलं. पूर्ण मावले, पाय न दुमडता. मी ती लांबी कशासाठी मागितली होती!

मी बसले नाही. माझं ओझं कशाला? चपला हातात घेऊन चालले. मला तीन कोस म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. नाल्यात पाणी मांडीपर्यंत, तिथे त्यांनी खाचर चाकांसकट वर धरलं. खांदे बदलत होते, पण मिस्त्री जागा सोडेनात. रोजा होता त्यांना. मी तांब्या पुढे केला. “नाई बाई. सांजच्याले.” ओठ पांढरे पडलेले. हे मधूनच “हळू, हळू” म्हणायचे. स्वतःसाठी नाही, ओढणाऱ्यांसाठी.

जानेफळला मोटार मिळाली. इथे आल्याबरोबर ऑपरेशन. मोठे डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर... पुढचं मी ऐकलं नाही.

३० ऑगस्ट

ताप.

३१ ऑगस्ट

ताप आहेच. काल ईद झाली असेल तिकडे. देवा, खंडोबा, अल्ला, जो कोणी असशील तो.

२ सप्टेंबर

उतरला! पेज मागितली. मीठ कमी आहे म्हणाले. रडत रडत मीठ आणलं.

८ सप्टेंबर

पंजाबराव भेटायला आले, मामीचे लाडू घेऊन. यांच्या खाटेपाशी जमिनीवरच बसले, खुर्चीवर बसेनात.

मी त्यांच्या पायाशी वाकले. “अडाणी म्हटलं मी तुम्हाला.”

“म्हटलं का? मले त ऐकूच नाई आलं. इतला गलका होता.” खोटं! सगळ्या गावाने ऐकलंय.

मग पोळ्याच्या संध्याकाळचं सांगितलं. ही माणसं जानेफळहून परतली तेव्हा मामी वाटेत उभी होती. हातात ती हळद-लोण्याची वाटी, उरलेली. एकेकाला ओट्यावर बसवलं आणि खांदे शेकले, पळसाच्या पानाने. मिस्त्रींचा खांदा सोलून निघालेला. ते म्हणत होते, नको, तुमी काऊन? तर मामीने त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या!” सगळे हसले म्हणे. आणि मिस्त्री हसता हसता एकदम तोंड फिरवून बसले.

दुसऱ्या दिवशी रोजा म्हणून जेवण सांजच्याला ठेवलं मामीने. सगळे आले होते. बैल बी होते, पंजाबराव म्हणाले, गोठ्यातूनच.

हे भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

१६ सप्टेंबर

हे म्हणतात, पुण्याला जाऊ. आता हेच म्हणतात! रमाकांत घ्यायला येतोय, त्याच्याबरोबरच निघू, सामान मागवून घेऊ. “दिवाळीचंच ठरलं होतं ना आपलं? थोडं आधी.”

मी कधीपासून ज्या वाक्याची वाट बघत होते ते हे. ऐकलं आणि आनंद झालाच नाही. भीतीच वाटली.

का, म्हणून विचारलं. पांघरुणाची घडी केली, मोडली. मग म्हणाले, “माणसांच्या खांद्यावरून माणूस एकदाच जातो, सुलभा. मी जिवंतपणी गेलो. आता त्यांना तोंड कसं दाखवू? उद्या वहाबचं पोर आजारी पडलं आणि माझ्या हातून नाही वाचलं तर?”

“तर नाही वाचलं! म्हणून बघायलाच जायचं नाही?”

“तुला काय जातंय बोलायला. तुला तर जायचंच होतं.”

खरं आहे. जायचंच होतं.

दोघंही जेवलो नाही.

२३ सप्टेंबर

बोलणं सुरू आहे, पण “पाणी देऊ का” एवढंच. हे अजून अशक्त आहेत, खांद्याला धरून चालवावं लागतं. रमाकांत आला. तिकिटं काढायची म्हणतोय. किती, ते मी सांगितलेलं नाही.

२७ सप्टेंबर

हे पुण्याला गेले, रमाकांतबरोबर. महिनाभर माझ्या आईच्या हातचं खातील, अंगाला मांस येईल. मग काय ते ठरवतील. गाडी हलेपर्यंत डब्यातून “चढ ना, चढ” करत होते. मी फलाटावरच उभी. “दिवाळीला जानेफळला खाचर पाठवते,” म्हटलं. शेवटी हसले. पोळ्यानंतर पहिल्यांदा.

जानेफळला मोटारीतून उतरले तर पंजाबराव खाचर घेऊन उभे. मला एकटीला पाहून पिशवी तेवढी आत ठेवली. पहिला नाला ओलांडला आणि कासरा माझ्या हातात दिला.

“घरीच ना, सूनबाई?”

“हाव,” म्हटलं.